कंपनीचा क्लच

शिलाई मशीनच्या फळीवर आत्ता माझ्यासमोर एक लोखंडी चकती पडलीय. लहान भाकरीएवढी, मधे भोक, आणि दोन्ही अंगांना घासून गुळगुळीत झालेला काळपट थर. परवा परभणीच्या मिस्त्रीनं ती आमच्या गाडीच्या पोटातून काढली आणि कोपऱ्यातल्या भंगारावर फेकायला हात उचलला, तेवढ्यात मी म्हणलं, "थांबा, ती माझी हाय." त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. पन्नाशीच्या बाईनं जुनी क्लचप्लेट घरी न्यायला मागावी, असं त्याच्या दुकानात पहिल्यांदाच घडलं असणार. त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. वर विचारलं, "हा कंपनीचाच होता? गाडीबरोबर आलेला?" मी म्हणलं, "होय, तोच." तो म्हणाला, "लय चालला." लय चालला की लय चालवला, हे त्याला सांगायचं तर सबंध एक हंगाम सांगावा लागला असता, आणि त्याच्या दारात दुसऱ्या गाड्या उभ्या होत्या.

मागच्या हप्त्यात गंगाखेडचा गोदावरीचा पूल ओलांडून पालमकडं येत होतो. चढावर गाडीचा आवाज एकदम वर गेला आणि वेग होता तिथंच राहिला. ज्यानं हे एकदा ऐकलंय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. इंजिन पळतं, चाकं मागं राहतात, मधला दुवा सुटलेला असतो. मी पाय हलका केला. शेजारी आमचे हे बसले होते. "काय झालं?" म्हणाले. "क्लच सरकायला लागला," मी म्हणलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी उभी होती, तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, आणि काचेतून आत येणाऱ्या वाऱ्याला हरभऱ्याचा आंबट वास होता. येळवस, म्हणजे शेतात जेवायला जायची आमची अमावास्या, चार दिवसांवर आलेली. चार वर्षांपूर्वी हेच दिवस होते, हाच वास होता, आणि ह्याच क्लचपायी मी माझ्या सबंध गावाशी भांडायला उभी राहिले होते.

गाडी माझी नव्हेच. माझ्या बहिणीचा मुलगा निखिल पुण्याला होता. परदेशात नोकरी लागली तशी दसरा झाल्यावर तो ही गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, हिला विकायला जीव धजत न्हाई. तुमच्या अंगणात राहू दे." दिसायला साधी लाल गाडी. पण बसकी, कडक, आणि पळण्यासाठीच बनवलेली. पाय जरा जोरात पडला की पाठ सीटला चिकटायची. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिचं पोट खरवडायचं आणि ओट्यावर बसलेली माणसं "अरारा" करायची. कपाशी फुटायला लागली होती. अंगणात एका बाजूला पांढरा कापूस आणि दुसऱ्या बाजूला ही लाल बया, असं ते दृश्य मला अजून दिसतं. कापसाचा पुंजका उडून तिच्या टपावर बसायचा. आमच्या आक्का, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, खाटेवर बसून तो काठीनं झटकायच्या.

आक्का आमच्याकडंच राहतात. त्या वर्षी न्हाणीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. परभणीला डॉक्टरांनी नवा बसवला आणि दर आठवड्याला व्यायामाला आणायला सांगितलं. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती आणि जीपमधे माणसं कोंबलेली असतात. म्हणून मग ही गाडी कामाला लागली. डॉक्टरांना आक्कांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "साहेब, हा किती वर्सं चालंल?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कशा चालता त्यावर आहे, आजी." आक्कांना हे उत्तर बिलकूल पटलं नाही. येताना गाडीत म्हणाल्या, "एवढा शिकलेला माणूस, अन सरळ आकडा सांगंना."

गाडी चालवायचे आमचे हे. ह्यांचं उभं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं. आमच्याकडं ट्रॅक्टर चालवणं म्हणजे नुसतं नांगरणं नसतं. सोयाबीनची पोती भरताना, कडब्याच्या पेंढ्या चढवताना माणसं दोन्ही बाजूंनी चालत असतात आणि ट्रॅक्टर त्यांच्या पावलानं सरकावा लागतो. जरा पुढं, जरा थांब, परत जरा पुढं. त्यासाठी डावा पाय क्लचवरून काढायचाच नाही, अर्धा दाबून धरायचा. ह्यांच्याइतका मऊ ट्रॅक्टर सरकवणारा माणूस आमच्या शिवारात नाही, हे मी बायको म्हणून सांगत नाही, सगळे सांगतात. पण तोच पाय घेऊन हे लाल गाडीत बसले. परभणीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली की ह्यांचा पाय क्लचवर. चढावर थांबलो तर ब्रेक न लावता क्लचवरच गाडी तोलून धरायचे आणि वर आमच्याकडं बघायचे, बघा कशी उभी केली म्हणून. एकदा असंच गंगाखेडच्या रेल्वे फाटकापाशी थांबलो होतो. मागून आक्का म्हणाल्या, "कायतरी जळायलंय गं. चुलीवर काय ठिवून आलीस?" मी म्हणलं, दूध तर उतरवून आले होते. वास गाडीचाच होता, जळक्या पुठ्ठ्यासारखा. त्या दिवशी आम्हाला वाटलं, फाटकाजवळ कुणीतरी कचरा पेटवला असेल.

आमची शिवानी तेव्हा परभणीला वसतिगृहात राहून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आक्कांना घेऊन गेलो की ती दवाखान्यात यायची. आल्या आल्या आत्याच्या पाया पडायच्या ऐवजी पोरगी गाडीभोवती फिरली, वाकून वास घेतला आणि बापासमोर उभी राहिली.

"अप्पा, तुमचा डावा पाय कुठं असतो?"

"क्लचवर असतो की. मग कुठं असावा?"

"गियर टाकताना न्हाई. गाडी चालायलीय तवा."

"तवा बी तिथंच असतो. दाबत न्हाई मी. नुसता ठिवतो."

"नुसता ठेवला तरी झिजतो अप्पा तो."

"आगं, बैल चालायला लागला म्हणून कासरा कोणी सोडून देतंय का हातातला?"

शिवानीनं मग दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवले आणि मला दाखवलं. एक हात म्हणजे इंजिन, एक हात म्हणजे चाकांकडं जाणारा दांडा. घट्ट चिकटले की दोन्ही बरोबर फिरतात, घासत नाहीत. पूर्ण वेगळे केले तरी घासत नाहीत. पण अर्धवट धरले की एक फिरतो, एक मागं राहतो, आणि घासून घासून तापतात. तिनं ते तळहात माझ्या गालाला लावले. गरम होते. मला तेवढ्यावर कळलं. ह्यांनाही कळलं असावं, पण कळणं वेगळं आणि तीस वर्षांचा पाय वेगळा.

हे एवढं सगळं तेव्हाच का, तर पोरीनं एक गोष्ट मनात धरली होती. संभाजीनगरच्या बाहेर एका मोकळ्या मैदानावर मोटारींची शर्यत होणार होती. एकमेकींना मागं टाकायची नव्हे. मैदानात रबरी शंकू मांडतात, त्यांच्यामधून एकेक गाडी एकटी सोडतात आणि घड्याळ लावतात. असल्या शर्यती नेहमी लांब कुठंतरी दक्षिणेत नाहीतर मुंबईकडं व्हायच्या. आमच्या आवाक्यात ही पहिलीच. येळवस झाली की पुढच्याच रविवारी. त्यात एक गट होता, कंपनीनं जशी दिली तशीच गाडी असणाऱ्यांचा. शिवानीला त्यात नाव द्यायचं होतं. पुढच्या वर्षी ती कुठं नोकरीला असेल, शर्यत इथं होईल का नाही, निखिल गाडी परत मागंल का, काहीच सांगता येत नव्हतं. ह्याच हिवाळ्यात होती ती संधी, आणि पोरीनं लहानपणापासून हट्ट म्हणून केलेली ही पहिली गोष्ट होती.

अडचण एकच होती. ती गाडी कंपनीनं बनवायची बंद केलेली. कंपनीचा क्लच मागवला तर यायला कधी महिना, कधी दोन महिने. जाड, शर्यतीचा क्लच पुण्यात लगेच मिळत होता, पण तो बसवला की गट बदलतो आणि मग दुप्पट ताकदीच्या गाड्यांत उभं राहायचं. म्हणजे जो आहे तोच टिकायला पाहिजे. आणि निखिलनं पुण्याच्या गर्दीत त्याचं किती वाटोळं केलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याला फोन लावला तर म्हणाला, "मावशी, माझ्या एका दोस्ताचा लाखभर किलोमीटर गेला अन एकाचा एका पावसाळ्यात बसला. गाडी एकच, क्लच एकच." मी म्हणलं, "तुझा किती गेला ते सांग." तर हसला. ते हसणं मला काही बरं वाटलं नाही.

हे म्हणाले, "कंपनीच्या क्लचवर निभलं तर जा. न्हाई निभलं तर मग मला भरीला घालू नको." बापाचा राग नव्हता त्यात. लेकीला सरळ नाही म्हणता येत नाही, तेव्हा माणूस असं काहीतरी बोलतो. पण शिवानीनं ते शब्द धरून ठेवले. परत वसतिगृहाकडं जाताना माझा हात धरून म्हणाली, "आई, अप्पांच्या पायाखालून येळवसपर्यंत तेवढा वाचव. बाकीचं मी बघते." माझ्या लेकीनं माझ्याकडं असं काही मागितलं नव्हतं कधी. ब्लाऊज शिवून मागितला असेल, परीक्षेच्या दिवसांत शेंगदाण्याचे लाडू मागितले असतील. हे मागणं निराळं होतं आणि मी ते मनावर घेतलं.

ह्यांनी प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा चप्पल काढून अनवाणी बसले, म्हणजे पाय क्लचला लागला की कळेल. पाय लागायचा, कळायचं मात्र नाही. मग त्यांनी एक हिकमत काढली, जी आमच्या घरातला माणूसच काढू जाणे. गाडी चालती झाली की डावा पाय उचलून सीटवर मांडी घालायची, पंगतीला बसल्यासारखी. पाय वरच असला तर क्लचवर जाईल कसा? एक दिवस ती मांडी घालून हे पालमच्या बाजारातून निघाले. आठवडी बाजार, समोरून एसटी वळली, आणि ह्यांना गाडी थांबवायची वेळ आली. ब्रेक दाबला, पण डावा पाय पायजम्यात गुंतलेला. गाडीनं एक उडी मारली आणि एसटीच्या तोंडासमोर बंद पडली. मागं आक्का देवाचा धावा करायलेल्या. कंडक्टर खाली उतरला, त्यानं काचेतून आत बघितलं आणि म्हणाला, "मालक, जेवण झालं का?"

सगळा बाजार हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर हे डावा पायच घासून घासून धूत बसले, आणि मला वाईट वाटलं. ह्या माणसाचा पाय वाईट नव्हता. तो दुसऱ्या कामासाठी घडला होता, एवढंच. मी त्यांच्या हातात टॉवेल दिला आणि म्हणलं, "उद्यापासून गाडी मी चालवीन."

"तुला येतीय का?"

"येत न्हाई म्हणूनच. माझ्या पायाला खोड न्हाई कसली."

त्यांनी तोंड पुसलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि जेवायला बसले. घास घेता घेता म्हणाले, "मोंढ्यात शिक. सुटीच्या दिवशी तिथं काळं कुत्रं नसतंय."

पुढचे तीन रविवार शिवानी गावी आली आणि मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मोकळ्या आवारात मी गाडी शिकले. कुत्रं नव्हतं, पण माणसं होती. बाई गाडी शिकायलीय म्हणल्यावर पारावरची गर्दी सरकून मोंढ्याच्या भिंतीवर आली. मी पहिल्यांदा गाडी बंद पाडली तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदाही पडल्या. मग मी मोजणं सोडलं आणि त्यांचेही हात दुखले असावेत. शिवानी सांगायची, "आई, पाय हळू वर घे. गाडी थरथरली की समज, तिनं धरलं. तिथं क्षणभर थांब अन मग पाय सगळा काढ, बाजूला चटईवर ठेव." मशीन चालवणाऱ्या बाईला पायाचं वेगळं सांगावं लागत नाही, मलमलीवर टीप घालताना पायडल कसं चालवायचं आणि जीन्सला ठिगळ लावताना कसं, हे माझ्या घोट्याला ठाऊक होतं. तरी ही गाडी शिलाई मशीन नव्हती. जरा चुकलं की हिसका देऊन पुढं जायची. संध्याकाळी माझी पिंडरी ताठून जायची आणि आक्का तिला तेल चोळून द्यायच्या. स्वतःचा खुबा धरून बसलेली बाई माझा पाय चोळायची, आणि म्हणायची, "दोघी बी नव्यानं चालाय शिकायलो बग."

शंकू म्हणून शिवानी सरकीच्या रिकाम्या पोत्यांत भुसा भरून मांडायची आणि त्यांच्यामधून गाडी वळवायचा सराव करायची. पण जाग्यावरून झेप घ्यायचा सराव तिनं केला नाही. इंजिन चढवून एकदम क्लच सोडायचा, ते ती मनातल्या मनात करायची. डोळे मिटून बसायची आणि पाय हवेत हलवायची. "ती झेप तिथंच घेईन," म्हणायची, "हितं खर्च करणार न्हाई."

आणि मग माझा दर आठवड्याचा रस्ता सुरू झाला. पालम, गंगाखेड, परभणी आणि परत. उसाचा हंगाम जोरात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागं रांग. बाकीचे इंच-इंच सरकायचे. मी थांबून राहायची. गाडी न्यूट्रलला, पाय चटईवर, हँडब्रेक ओढलेला. पुढं ट्रकभर जागा मोकळी झाली की मगच एकदा निघायची. मागचे भोंगे वाजवायचे. एकदा एक मोटारसायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "मावशी, जागा हाय की पुढं, सरका ना." मी म्हणलं, "सरकणार न्हाई. जाणार. जायला जागा झाली की जाईन." शेजारी हे बसलेले असायचे आणि त्यांचा डावा पाय चटईवर दाबलेला असायचा, माझ्यासाठी. दवाखान्याच्या दारात शिवानी उभी असायची. ती वाकून वास घ्यायची आणि मग मान हलवायची. त्या एका मान हलवण्यासाठी मी सबंध रस्ता दात-ओठ खाऊन बसलेली असायची. कपाशीची वेचणी उरकत आली, ज्वारी पोटऱ्यात आली, थंडी वाढली, आणि क्लच होता.

मग येळवस आली. आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळं गाव आपापल्या शेतात जेवायला जातं. कडब्याच्या कोपीत पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पुजायचं, उभ्या पिकात आंबील शिंपडायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, मातीच्या मडक्यातली आंबील. आमच्या भज्जीत, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांच्या त्या एकत्र भाजीत, काय काय असतं हे विचारण्यापेक्षा काय नसतं ते विचारावं. आदल्या रात्री सगळ्या गल्लीत फोडणीचा वास कोंडतो. आक्कांची येळवस जन्मात कधी चुकली नव्हती. ट्रॅक्टरवर त्यांना चढवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला गाडीत न्या, न्हाईतर मी बसत-उठत येते, पण येते." हे जेवणाचं सामान घेऊन ट्रॅक्टरनं पुढं गेले, शिवानी शेजारणींबरोबर आंबिलीचं मडकं घेऊन चालत निघाली, आणि आक्कांना घेऊन मी लाल गाडी शेताकडच्या पांदीत घातली. शर्यतीला पाच दिवस होते.

पांदीचा रस्ता कोरडा ठणठणीत होता. आमच्या वावराच्या अलीकडं मात्र शेजाऱ्यांनी रात्रीच्या लाईटीवर हरभऱ्याला पाणी सोडलं होतं आणि ते फुटून पांदीत आलं होतं. वरून माती सुकलेली दिसत होती, खाली लोणी. काळ्या मातीनं पुढची चाकं धरली आणि गाडी पोटावर बसली. मी एकदा हलक्यानं प्रयत्न केला, एकदा दुसऱ्या गियरवर. चाकं जागच्या जागी फिरली आणि तो वास आला. अगदी पुसट, पण तोच.

मी गाडी बंद केली.

तोवर मागून-पुढून माणसं गोळा झाली. डोक्यावर मडकी, काखेत पोरं, सगळे नटलेले. "वैनी, रेट द्या." "पुढं-मागं करा, निघंल." "क्लचवर खेळवा जरा." काशिनाथ म्हणून आमच्या शेजारचा एक गडी, स्वतः जीप चालवतो, तो पुढं आला आणि म्हणाला, "सरका वैनी. द्या चावी, एका मिनटात काढतो." तो नक्की काढणारा होता. मला त्याची खात्री होती. तो काढेल आणि पाच दिवसांनी माझी लेक मैदानात उभी राहील, क्लच सोडेल, आणि आवाज वर जाईल, गाडी मात्र जागची हलणार नाही. मी चावी काढली आणि कमरेला खोचली.

"न्हाई देत," मी म्हणलं.

"आहो, अडवून काय बसलाव? सगळ्या गावाचा रस्ता हाय हा."

"बाजूनं जावा. मी हितंच बसून जेवीन, पण चावी न्हाई देत."

कुणीतरी हसलं, कुणीतरी बाईच्या हटाबद्दल काही बोललं. मागं शिवानी आली होती. डोक्यावरचं मडकं तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. तिचा चेहरा बघून मला रडू आलं असतं, पण रडत बसले तर कमरेवरचा हात सुटेल असं वाटलं. आक्का आतून म्हणाल्या, "देऊ नको गं तू. बगू कोण घेतंय." आणि मग गर्दीमागून ट्रॅक्टरचा आवाज आला.

हे ट्रॅक्टर घेऊन आले होते. मला वाटलं, आता हेही म्हणणार, दे चावी. ह्यांनी खाली उतरून चाकं बघितली, माती बोटानं दाबून बघितली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "चावी लाव. न्यूट्रल कर अन नुसतं हँडल सरळ धर. बाकी कायबी करू नको." शिवानीनं गाडीच्या पुढच्या बंपरमधे ओढायचा आकडा बसवून दिला, दोर बांधला. हे ट्रॅक्टरवर चढले आणि त्यांचा डावा पाय क्लचवर गेला.

तो दोर कसा ताणला हे मी काचेतून बघितलंय. झटका नाही, हिसका नाही. वितीवितीनं ट्रॅक्टर पुढं सरकत होता आणि थांबत होता, पेंढ्या चढवणारी माणसं दोन्ही बाजूंनी चालत असल्यासारखा. मागची काच धरून बसलेल्या आक्कांच्या मांडीवरचा भज्जीचा डबासुद्धा हलला नाही. चिखलानं एकदा पचकन आवाज केला आणि आमची गाडी कोरड्यावर आली. ज्या पायाला मी दीड महिना शिव्या घातल्या होत्या, त्याच पायानं ती आणली. मी खाली उतरून ह्यांच्याकडं गेले, तर हे म्हणाले, "निभला का?" मी वास घेतला, शिवानीनं घेतला. "निभला," ती म्हणाली, आणि मडकं खाली ठेवून तिथंच पांदीत बापाच्या गळ्यात पडली. काशिनाथनं पहिली आंबील आमच्याकडंच पिली त्या दिवशी.

रविवारी आम्ही सगळे संभाजीनगरला गेलो. तपासणाऱ्या माणसानं गाडीखाली बॅटरी मारून बघितलं आणि कागदावर खूण केली, सगळं कंपनीचं. शिवानीला तीनदा सोडलं. तिन्ही वेळा तिनं ती झेप घेतली, जी मोंढ्यात डोळे मिटून घेत होती. तिसऱ्या खेपेला धूर दिसला आणि ह्यांनी माझा दंड एवढा आवळला की चार दिवस निळा होता. गाडी गेली. शंकू एकही पडला नाही. पहिल्या तिघांत ती आली नाही, चौथी आली, आणि चौथ्याला कप नसतो. हेल्मेट काढलं तेव्हा तिचे केस घामानं चिकटले होते आणि ती हसत होती. येताना बीडच्या बाजूनं सबंध रस्ता तिनंच गाडी चालवली. हे शेजारी बसले होते, मी आणि आक्का मागं. आक्कांनी विचारलं, "कितवी आलीस म्हणालीस?" "चौथी, आत्या." "मग काय वाईट हाय? चार चाकं, चौथी आली."

आता शिवानी चाकणला गाड्यांच्याच कंपनीत आहे. निखिलनं गाडी कधी परत मागितली नाही. दोन वर्षांपूर्वी शिवानीनं कंपनीचा नवा क्लच मागवून खोक्यात पाठवला होता. तो माझ्या लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली पडून होता. मागच्या हप्त्यात पुलावर जुना सरकला तशी मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बदल आई. त्यानं केलं त्याचं काम." परभणीला तो बदलून आणला. नवा क्लच फार खाली धरतो. चार वर्षांत माझा पाय उंचावर शिकलेला, म्हणून मिस्त्रीच्या दारातच गाडी दोनदा बंद पडली. लाज वाटली, पण सवय होईल.

घरी आल्यावर ह्यांनी ही चकती हातात घेतली. अंगठ्यानं तिचा काठ चाचपत बराच वेळ बसले. म्हणाले, "ह्यातलं माझं किती अन तुझं किती?" मी म्हणलं, "निखिलचं लय, तुमचं जरा, माझं थोडं, अन पोरीचं तीन झेपा." त्यांनी मान हलवली आणि चकती मशीनवर ठेवली. तिथंच आहे ती अजून.

काल येळवस झाली. सकाळी डबे भरले, आता काठी टेकत बऱ्या चालणाऱ्या आक्कांना मागं बसवलं. ह्यांचं वय झालं, ट्रॅक्टरवर आता गडी असतो. मी किल्ली ह्यांच्यापुढं धरली. "आज तुमी चालवा," म्हणलं. "नवा क्लच हाय," म्हणाले. मी म्हणलं, "म्हणूनच." गाडी निघाली. त्यांनी गियर टाकला, पाय वर घेतला, आणि मग मी बघितलं, तो पाय सावकाश बाजूला गेला आणि चटईवर बसला. परत गियर, परत चटईवर. घामेजले होते बिचारे, पण चुकले नाहीत. माझा स्वतःचा डावा पाय मात्र सबंध रस्ता चटई दाबून बसला होता.

आमच्या वावराच्या अलीकडं शेजाऱ्यांनी यंदाही हरभऱ्याला पाणी सोडलं होतं. वरून माती सुकलेली दिसत होती. मागून कुणाची तरी जीप आली, भोंगा वाजला, "काढा की काका, निघतंय तेवढ्यातून." ह्यांनी रस्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. गाडी कोरड्यावर बाजूला घेऊन बंद केली, चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

"खोच कमरेला," म्हणाले. "हितून चालत जाऊ."